कोट्स कधी लावायचे, कधी नाही?

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, रोब्लॉक्समध्ये स्वतःचा गेम बनवतेय, तिच्याबरोबर बसून मीपण थोडंथोडं शिकतेय. पॉइंट बघायला तिने प्रिंटमध्ये (मजकूर दाखवायची कमांड) "स्कोअर" असं कोट्स लावून लिहिलं तर आकडा नाही, स्कोअर हा शब्दच आला. मग वैतागून सगळीकडचे कोट्स काढले तर वेलकमच्या जागी निल यायला लागलं, एररसुद्धा नाही. नेमकं काय चुकतंय?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, लेकीने दोन्ही करून बघितलं ते फार छान केलं, उत्तर त्यातच आहे. रोब्लॉक्सची भाषा लुआऊ, ती लुआवरून बनवलेली, आणि लुआ १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओमधल्या एका विद्यापीठात तयार झाली. कोट्सच्या आत जे असेल त्याचा अर्थ ती लावत बसत नाही, जसंच्या तसं ठेवते, हीच स्ट्रिंग. कोट्स नसले की तोच शब्द तिला व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याचं, नाव वाटतो आणि त्यात काय ठेवलंय ते ती बघायला जाते. वेलकम नावाचं व्हेरिएबल तुम्ही बनवलंच नाही, मग तिथे काहीच नाही, म्हणजे निल. पायथनसारखी भाषा इथेच एरर देऊन थांबली असती, ही थांबत नाही, आणि मला हेच सगळ्यात त्रासदायक वाटतं, कारण चूक इथे होते आणि गेम अडकतो भलत्याच ओळीवर.

दोन्ही एकत्र हवं तर शब्द कोट्समध्ये, व्हेरिएबल बाहेर, मध्ये दोन टिंबं: प्रिंट("स्कोअर: " .. स्कोअर). मी इथे देवनागरीत लिहिलंय, पण कोडमध्ये प्रिंट आणि व्हेरिएबलचं नाव इंग्रजी अक्षरांतच लागतं, कोट्सच्या आत मात्र बिनधास्त मराठी लिहा. आणि कोट्स सरळ हवेत, मोबाईलवरून कॉपी केलेले वाकडे कोट्स आले की एरर येणारच.

आता आकड्यांचं, कारण पुढे हे नक्की लागणार. "१०" + ५ केलं तर ती गुपचूप १५ देते, "१०" .. ५ केलं तर १०५, पण "१०" == १० विचारलं तर उत्तर फॉल्स, आणि "१०" > ५ ला थेट एरर (कोडमध्ये हे आकडेही इंग्रजीच). खेळाडूने टेक्स्टबॉक्समध्ये टाइप केलेला आकडासुद्धा स्ट्रिंगच असतो, तेव्हा तुलना करायच्या आधी टूनंबरमधून (स्ट्रिंगचा खरा आकडा करणारी कमांड) काढा, आणि कुणी आकड्याऐवजी अक्षरं टाकली तर टूनंबर निल देतं, तेवढं एका इफमध्ये, म्हणजे 'जर असं असेल तर' या अटीत, तपासायला तिला सांगा.