बॉल पायथनचे पिल्लू खात नाही, काय करावे?

प्रश्न : माझ्या मुलाने तीन आठवड्यांपूर्वी रीतसर पावती घेऊन बॉल पायथन या सापाचे पिल्लू घरी आणले. त्या वेळी त्याचे वजन ९० ग्रॅम होते, आता ८६ ग्रॅम आहे. तीन फुटी काचेची टाकी दिवाणखान्यात ठेवली असून तिच्या एका बाजूला खालून हीट मॅट लावली आहे. आत प्लास्टिकचे एक रोप आणि पाण्याचे भांडे आहे. एक दिवसाआड जिवंत उंदीर आत सोडून पाहिला, पण पिल्लू अंगाची गुंडाळी करून डोके आत लपवते. त्याला माणसांची सवय व्हावी म्हणून मुलगा रोज अर्धा तास ते हातात घेतो. आर्द्रता ८५ टक्के दिसते. चवथीला घर पाहुण्यांनी भरेल. पिल्लू उपाशी मरेल या भीतीने मुलाची झोप उडाली आहे. त्याला जबरदस्तीने भरवावे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : जबरदस्तीने भरवू नये. ९० ग्रॅमच्या पिल्लाचे चार ग्रॅम कमी होणे म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी घट आहे, आणि निरोगी बॉल पायथन काही आठवडे न खाता सहज राहू शकतो. वजन ८१ ग्रॅमपर्यंत, म्हणजे मूळ वजनाच्या एक दशांशाने, उतरले तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवावे. तोपर्यंत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी वजन करून वहीत नोंदवावे, एवढे पुरे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य उंदराविषयीचे नाही, गुंडाळीविषयीचे आहे. घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेतील देशांत हा साप दिवसाचा वेळ उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. धोका वाटला की तो चेंडूसारखी गुंडाळी करून डोके मधोमध दडवतो. बॉल पायथन हे नाव त्यावरूनच पडले. आपले पिल्लू हट्टी नाही, ते घाबरलेले आहे. चारही बाजूंनी उघड्या टाकीत, वर्दळीच्या खोलीत, रोज कोणीतरी उचलून घेत असताना ते भक्ष्याकडे लक्ष देऊ शकत नाही. म्हणून अन्नाचा विचार आठवडाभर बाजूला ठेवून आधी जागेकडे पाहावे.

टाकीत उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशा लपण्याच्या दोन जागा हव्यात, आणि त्या इतक्या अरुंद हव्यात की गुंडाळी केलेल्या पिल्लाच्या अंगाला भिंती टेकतील. मोठी, प्रशस्त गुहा माणसाला चांगली दिसते, सापाला ती उघड्या मैदानासारखी वाटते. आपल्याकडे यासाठी विकत काही आणण्याची गरज नाही : मोठ्या नारळाची अर्धी करवंटी आतून खरवडून, उकळत्या पाण्यात धुऊन वाळवावी, कडेला पिल्लू शिरेल एवढे दार कापून कडा कानशीने गुळगुळीत करावी आणि ती पालथी ठेवावी. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावावा. चवथीचे पाहुणे येण्याआधीच टाकी आतल्या, शांत खोलीत हलवावी. ऐन गर्दीत हलवली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल.

हीट मॅटला थर्मोस्टॅट जोडला आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. तो नसेल तर आजच जोडावा, कारण नियंत्रण नसलेल्या मॅटने सापाचे पोट भाजते. उबदार करवंटीखालील पृष्ठभाग ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २६ अंशांच्या आसपास असावी. ऊब कमी पडली तर खाल्लेले पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो. पावसात वीज काही तास गेली तरी घाबरू नये, गोव्यातील पावसाळी खोली इतक्या वेळात धोकादायकरीत्या थंड होत नाही.

आर्द्रतेविषयी परदेशी माहिती वाचून फसगत होते. तेथे हवा कोरडी असल्याने पाणी शिंपडायला सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात शिंपडणे पूर्ण थांबवावे. ६० ते ७० टक्के पुरेसे असते. झाकणाची जाळी मोकळी ठेवावी आणि सध्या तळाशी साधा कागद अंथरून तो ओलसर होताच बदलावा. खालचा थर सतत ओला राहिला तर पोटाचे खवले कुजतात, आणि ओल कोंडून राहिली की श्वसनाचा विकारही जडू शकतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा श्वासात घरघर दिसली, तर वजनाची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

हे सर्व झाल्यावर सात दिवस पाणी आणि ओलसर झालेला कागद बदलण्यापलीकडे टाकीत हात घालू नये. आठव्या दिवशी संध्याकाळी दिवे मंद करून पहिला प्रयत्न करावा. जिवंत उंदीर पुन्हा सोडू नये. घाबरलेल्या सापाला तो चावतो आणि जखम चिघळते. घरात पकडलेला उंदीर तर कधीच नको, त्याच्या पोटात विष किंवा जंत असू शकतात. अन्न म्हणून वाढवलेल्या उंदराचे ८ ते १२ ग्रॅमचे गोठवलेले पिल्लू आणावे, रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावे आणि मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरावे. सापाच्या ओठांवरील खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे भक्ष्य, विशेषतः त्याचे डोके, ३८ ते ४० अंशांपर्यंत कोमट लागले पाहिजे. ते पुसून, लांब चिमट्याने करवंटीच्या दारापासून चार बोटे दूर धरावे. तोंडावर ढोसू नये. दहा मिनिटांत घेतले नाही तर दाराशी ठेवून, टाकीवर कापड टाकून खोलीबाहेर यावे. सकाळी तसेच दिसले तर फेकून द्यावे आणि पुढचे सहा-सात दिवस काहीही देऊ नये. दर दोन दिवसांनी केलेला प्रयत्न हा पिल्लासाठी दर दोन दिवसांनी आलेला धोका असतो. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर कात पडेपर्यंत थांबावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथन चौथ्या परिशिष्टात येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. आपले तीन आठवडे झाले आहेत, तेव्हा पावती हाताशी घेऊन हे काम याच आठवड्यात करावे.

मुलाला हातात घेण्याची घाई असेल, ते स्वाभाविक आहे. सलग तीन वेळा पिल्लाने स्वतःहून खाल्ले की, शेवटच्या जेवणानंतर दोन दिवस जाऊ देऊन, त्याने पाच मिनिटांपासून सुरुवात करावी आणि वरून झडप न घालता बाजूने, अंगाखाली हात घालून उचलावे.