गाडी 1924ची, पण बॉडी कधीची?

प्रश्न : काका, माझे बाबा बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. जुन्या गाड्यांचं वेड त्यांना पहिल्यापासून. लालबागच्या एका गोडाउनमध्ये 1924ची फोर्ड मॉडेल टी विकायला आहे. मालक तिला ‘कस्टमाइज्ड अँटिक स्पीडस्टर’ म्हणतो. दारं नाहीत, टप नाही, पुढे दोन बुटक्या सीट, त्यांच्या मागे पिंपासारखी आडवी पेट्रोलची टाकी आणि लालभडक रंग. 18 लाख सांगतो. मी आणि भाऊ मिळून बाबांना घेऊन द्यावी म्हणतोय. किंमत वाजवी आहे का? आणि रविवारी सकाळी बाबांना तिच्यातून मरीन ड्राइव्हला चक्कर मारता येईल ना?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात बनली, दीड कोटींच्या घरात. पण 1924 साली फोर्डच्या कारखान्यातून अशी लाल, बिनदारांची गाडी बाहेर पडलेली नाही. 1914 ते 1925 टी फक्त काळ्या रंगात मिळायची. स्पीडस्टर हे लोकांनी आपापल्या वर्कशॉपात केलेलं काम. मूळ बॉडी उतरवायची, वजन घटवायचं, चेसिसवर दोन सीट आणि एक टाकी बसवायची की झाली स्पीडस्टर. अमेरिकेत तरुण पोरं त्या काळातच हे करायची, आणि तेव्हा झालेलं काम आज इतिहासातच जमा होतं. तुमच्या गाडीवरचं काम कधीचं, हे मालकाला आधी विचारा. आधीच्या रूपातला एखादा फोटोही मागा.

मी एवढं खोदून सांगतो त्याला कारण आहे. 1978 साली मी ग्रँट रोडच्या एका गॅरेजात हेल्पर होतो. एक जुनी टूरर आली, म्हणजे कापडी टपाची, मागेही सीट असलेली उघडी गाडी. टपाच्या काठ्या मोडलेल्या, पण पत्रा धड आणि आतली लाकडी फ्रेम शाबूत. गिऱ्हाइकाला ‘रेसिंगसारखी’ हवी होती. मागची दोन दारं मी माझ्या हातांनी उतरवली. तो सगळा पत्रा कुर्ल्याच्या भंगारात वजनावर गेला. आजही रॅलीत धड टूरर दिसली की मला ती दोन दारं आठवतात आणि वाईट वाटतं. तुमच्या गाडीचा नुसता सांगाडा उरला होता आणि त्यावर कुणी ही बॉडी चढवली असेल, तर त्या माणसानं गाडी वाचवली असं मी म्हणेन. चांगली गाडी कापून केली असेल, तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.

आता नंबर. टीमध्ये इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर. बॉनेट उघडा. इंजिनच्या डाव्या अंगाला, रेडिएटरकडून पाणी आत येतं त्या तोंडाच्या वर तो ठोकलेला असतो. आपल्याकडच्या उजव्या स्टीअरिंगच्या टी कॅनडाच्या फोर्डकडून यायच्या आणि तिथल्या इंजिनाच्या नंबराआधी ‘सी’ अक्षर असतं. स्टीअरिंग उजवीकडे आणि नंबराला ‘सी’ नाही, म्हणजे इंजिन बहुधा दुसऱ्या गाडीचं. त्यानं गाडी वाईट ठरत नाही, पण आरसी बुकात तो बदल चढलेला हवा. बॉडीचंही तसंच. आरसीवर ‘टूरर’ आणि समोर दोन सीटची स्पीडस्टर असेल, तर ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत तुम्हीच अडकाल, विकणारा नाही.

मरीन ड्राइव्हबद्दल लिहिताना जीवावर येतंय. 2021च्या केंद्राच्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हीए’ नोंदणी (व्हिंटेज गाड्यांची, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली) आणली, 10 वर्षांची. पण ती मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्याच कामांसाठी रस्त्यावर काढता येते. म्हणजे मालक ‘व्हीए करून देतो’ म्हणाला तर स्पीडस्टरला ती मिळणं कठीण, आणि मिळाली तरी दर रविवारची चक्कर त्यात बसत नाही. गाडीची जुनी नोंदणी चालू असेल तरच बाबांची हौस सरळ मार्गानं भागेल.

कागद जमले तर गाडी चालवून बघा. इंजिन 2.9 लिटरचं, ताकद 20 अश्वशक्तीच, पण बॉडी गेल्यावर गाडी हलकी होते आणि पळते. ब्रेक मात्र तेच जुने. पायाचा ब्रेक चाकांवर नाही, ट्रान्समिशनच्या आत लागतो. मागे कुठे शाफ्ट किंवा अॅक्सल तुटला तर तो पेडल फुकट, उरतो हँडब्रेक. मागच्या चाकांवर जादा ब्रेक बसवलाय का बघा. नसेल तर बसवेपर्यंत बाबांना बसू देऊ नका. त्यांनी आयुष्यभर बस चालवली आहे, पण इथे डावा पेडल गिअरचा, मधला रिव्हर्सचा, उजवा ब्रेकचा आणि अॅक्सिलरेटर हातात, स्टीअरिंगखाली. जुनी सवय इथे घात करेल. इंजिन सुरू करायला हँडल मारताना स्टीअरिंगखालची स्पार्कची दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी हवी, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं.

आणि टाकी पाव भरून गाडी बाबुलनाथकडून मलबार हिलला चढवायला सांगा. टीमध्ये पेट्रोल ढकलणारा पंप नसतो, ते आपल्या वजनानं कार्बोरेटरकडे उतरतं. सीटमागची टाकी खाली बसवली असेल तर चढावर इंजिन मरेल. बॉडी करणाऱ्याला काम येत होतं का, ते तिथे दिसेल.

किंमत आत्ताच सांगत नाही. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, तो ठसा आणि आरसीची झेरॉक्स मला पाठवा. ‘सी’ दिसला आणि बॉडीचा कागद जुळला, तर मी स्वतः लालबागला येतो, बाबांनाही घेऊन या.