हातात अनेक प्रकल्प असतील, तर कामगिरी मोजून प्राधान्य कसं ठरवायचं?
नुसता झालेला खर्च पाहू नका, त्या खर्चात काम किती झालं ते पाहा. १० लाखांच्या कामाला १२.५ लाख गेले असतील, तर खर्च-निर्देशांक (झालेल्या कामाची ठरलेली किंमत भागिले प्रत्यक्ष खर्च) ०.८. पूर्ण प्रकल्पाच्या मूळ अंदाजाला ०.८ ने भागलं की अखेरचा खर्च साधारण कळतो. निवड करताना याच नव्या आकड्यातून झालेला खर्च वजा करून पुढे किती लागेल ते पाहा, मंजुरीच्या वेळचा आकडा नव्हे.

आपल्या मुंबईच्या मेट्रो ३ चा अंदाज सुमारे २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींवर गेला. तरी ती अर्ध्यात सोडणं मला चूकच वाटलं असतं, कारण पाहायचं ते इथून पुढे किती लागेल आणि बदल्यात काय मिळेल. गेलेला पैसा त्या हिशेबात धरायचाच नाही. बैठकीत हेच पटवणं सगळ्यात अवघड. वेळेचा निर्देशांकही (झालेलं काम भागिले तोवर ठरलेलं काम) ठेवा, पण प्रकल्पाच्या शेवटाकडे तो आपोआप १ कडे सरकतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.