फिरण्याच्या व्हिसावर कामाला गेलेला मुलगा

प्रश्न : माझा मुलगा आठवी शिकलेला असून गवंडीकाम करतो. ओळखीच्या एका एजंटाने दुबईत काम लावून देतो म्हणून आमच्याकडून दीड लाख रुपये घेतले. त्यासाठी आम्ही दागिने गहाण ठेवले. तिथे गेल्यावर व्हिसा दोन महिन्यांचा आणि केवळ फिरण्याचा निघाला. पगार मिळालेला नाही, पासपोर्ट मालकाकडे आहे आणि एजंट फोन उचलत नाही. मी इथून काय करू शकते?
– एक आई, कंधार तालुका, जि. नांदेड

उत्तर : ताई, आधी मुलाला सोडवण्याचे पाहू. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, आणि अमिरातीतील कामगार कायद्यानेही मालकाला कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. मुलाने दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात तक्रार द्यावी. तुम्ही येथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्याच्या वतीने तक्रार नोंदवा. पासपोर्टची झेरॉक्स घरी असल्यास ती जोडा. व्हिसाची मुदत संपल्यावर दररोज ५० दिरहम दंड चढत जातो आणि फिरण्याच्या व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे, त्यामुळे थकलेल्या पगाराच्या आशेवर त्याने तिथे थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एजंटाविषयी. १९८३ च्या उत्प्रवास (म्हणजे कामासाठी परदेशी जाणे) कायद्याच्या कलम १० प्रमाणे केंद्र सरकारच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशातील कामासाठी माणसे भरती करता येत नाहीत, आणि नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. दहावी न झालेल्या माणसाला अमिरातीसह १८ देशांत कामासाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची, म्हणजे अशा कामगारांना जाण्याची मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते. तिच्यासाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो आणि १० लाख रुपयांचा अपघात विमाही उतरवावा लागतो. फिरण्याच्या व्हिसाला ही परवानगी लागत नाही, म्हणूनच असे एजंट तो व्हिसा काढतात आणि मुलाच्या हाती ना करार राहतो, ना विमा.

या कायद्याखालील खटल्याला केंद्राची पूर्वमंजुरी लागते, असे सांगून कोणी तुम्हाला परत पाठवू लागल्यास कलम २७ दाखवा : तक्रार स्वतः कामगाराने किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुले, भाऊ वा बहीण यांनी केलेली असल्यास मंजुरीची गरज नाही. कायद्याने आईचा उल्लेख शब्दशः केला आहे, हे मुद्दाम सांगतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, विमानाचे तिकीट आणि गहाणाची पावती एकत्र करा. ती जोडून पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तेथे ती घेतली नाही, तर तीच पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. या एजंटाने गावातील आणखी मुलांचे पासपोर्ट घेतले असतील, तर त्यांच्या घरच्यांनाही आजच सांगा; त्यांची मुले अजून येथेच आहेत.