वाफ्याला माती किती लागेल?

ताई, ट्रॉली सांगण्याआधी टेप घ्या आणि वाफा आतून मोजा. बाहेरून ८ बाय ४ फुटांचा वाफा साडेचार इंची भिंतीत आतून सव्वासात बाय सव्वातीनच भरतो. खोलीही फुटांतच धरा, ९ इंच म्हणजे पाऊण फूट. बहुतेकांचं इथेच चुकतं. गुणाकार केला की साधारण १८ घनफूट. माती पावसात खाली बसते, म्हणून २१ आणा, म्हणजे ६०० लिटर. तगारीत पाणी ओतून बघा. १५ लिटरची निघाली तर ४० तगाऱ्या.

आणि आपल्या इंदूरची नुसती काळी माती भरू नका, कळकळीने सांगते! पावसात चिकट गोळा, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा. तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. बाकीची खतं सध्या राहू द्या, आधी मेथी-पालक लावा.