शमीच्या बिया, तांब्याची तार आणि मच्छर मारायची बॅट

प्रश्न : सर, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही सध्या जोधपूरला असतो. इथली खेजडी म्हणजे आपली शमीच, म्हणून तिच्या वीस बिया कुंडीत लावल्या पण दोनच उगवल्या. एका व्हिडिओत बघितलं की तांब्याची तार गुंडाळलेली काठी कुंडीत रोवली की हवेतली वीज मिळते आणि बिया पटापट रुजतात. खरंय का? मुलगा तर म्हणतोय मच्छर मारायच्या बॅटवर बिया ठेवून बघू.

उत्तर : ताई, आधी ती बॅट मुलाच्या हातातून घ्या. बटण सोडलं तरी आत चार्ज राहतो आणि जोरात झटका बसू शकतो.

आता तारेचं. मोकळ्या हवेत जमिनीजवळ दर मीटर उंचीला साधारण शंभर व्होल्टचा फरक असतो हे खरंय, पण मातीत रोवलेली तार मातीच्याच व्होल्टेजला येते, तिच्यातून बियांना काही मिळत नाही. लॅबमध्ये करतात ते वेगळंच, तिथे पेरायच्या आधी कोरडं बी धातूच्या दोन प्लेटांच्या मध्ये ठेवून हजारो व्होल्ट देतात, तेही थोडाच वेळ, आणि काही बिया मग पाणी लवकर पितात, काहींवर ढिम्म फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये 1918 ते 1936 सरकारी कमिटीने शेतात वीज देऊन प्रयोग केले, रिझल्ट एका वर्षी चांगला तर पुढच्या वर्षी नाही, शेवटी काम बंद केलं.

आणि तुमच्या शमीची अडचण विजेची नाहीच, बियांच्या सालीची आहे. साल इतकी टणक की पाणी आत शिरतच नाही, वाळवंटात एका सरीला फसून सगळ्या बिया एकदम उगवू नयेत म्हणून झाडानेच केलेली ही सोय. तुम्ही ती साल मोडा. बी जिथे शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडून दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपरवर हलकं घासा, आतलं पांढुरकं जरा दिसलं की थांबा, मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, ज्या तशाच खडखडीत राहिल्या त्या परत घासायच्या. कुंडीऐवजी उंच पिशवी घ्या, कारण हिचं मूळ आधी खालीच धावतं.

आणि शेंगा गोळा करताना बारीक भोकं पडलेल्या घेऊ नका हं, आतलं बी किड्याने खाल्लेलं असतं.