गोधडी : टाका की कात्री?

प्रश्न : सासूबाईंनी शिवलेली पाच बाय सात फुटांची वाकळ (गोधडी) आहे, चाळीसेक वर्षांची. वरचं लुगडं ठिकठिकाणी फाटलंय आणि टाके तर सगळीकडे तुटलेत. नणंदबाई म्हणतात, चांगला भाग कापून पिशव्या करू. मला दुरुस्त करावीशी वाटते. ठरवायचं कसं? (कराड)

उत्तर : टाके तुटलेत, एवढ्यावरून वाकळ गेली असं समजू नका. वाकळीत आधी दोरा जातो, कापड नंतर. टाक्याचा दोरा वर उघडा असतो, अंगाखाली रोज घासला जातो. आतले थर मात्र बऱ्याचदा शाबूत निघतात. म्हणून लोंबणाऱ्या चिंध्या पाहून निकाल देऊ नका, हाताने तपासा.

दिवसाउजेडी जमिनीवर चादर पसरून तिच्यावर वाकळ अंथरा. डोक्याकडची कड, मधली घडी, पायाकडची बाजू, कोपरे अशा दहा जागा निवडा. प्रत्येक जागी वरचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत चार बोटांच्या अंतराने धरा आणि हलका ताण द्या, एकदा उभा, एकदा आडवा. वाळलेला रुमाल सरळ करताना देतो, तेवढाच. धागे सरकून जाळी दिसली तर कापड विरलंय, पण खालून आधार दिला की टिकेल. चर्रकन फाटलं किंवा बोटांना भुकटी लागली, तर तेवढा भाग संपला.

सात किंवा जास्त जागा टिकल्या तर सरळ दुरुस्ती करा. चार ते सहा टिकल्या तर जुनी वाकळ नव्या कापडात घ्या (त्याबद्दल पुढे). त्याहून कमी टिकल्या तरच नणंदबाईंचं ऐका. घातलेला टाका उद्या उसवता येतो, कापलेल्या वाकळीची पुन्हा वाकळ होत नाही.

काळ्या किंवा गडद तपकिरी छपाईचा भाग वेगळा तपासा. जुन्या काळ्या रंगांत लोहाचा अंश असे आणि तो सुताला हळूहळू कुजवतो. त्यामुळे शेजारचं लाल फूल ठणठणीत आणि त्याची काळी रेघ तेवढी गळून पडलेली, असं दिसतं.

प्रश्न : दुरुस्ती घरी करायची तर सुरुवात कुठून? दुकानदाराने पॉलिस्टरचा पक्का दोरा दिलाय, तो चालेल का? (सोलापूर)

उत्तर : तो परत करा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, हाच त्याचा दोष. ताण आला की दोऱ्याऐवजी जुनं कापड फाटतं, टाक्याटाक्याला बारीक चीर पडते. दोरा कापडापेक्षा कमजोर हवा. साधा सुती दोरा दुहेरी करून घ्या किंवा भरतकामाचा सुती ८ नंबरचा एकेरी. पाच बाय सातच्या गोधडीवर दोन सेंटिमीटर अंतराने उभ्या ओळी घातल्या तर साधारण ७५ ओळी होतात. टाक्यात मुरणारा धरून १९० मीटर दोरा लागतो, दुहेरी घेतला तर ३८०. एकाच रंगाचा सगळा दोरा आधीच घेऊन ठेवा, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

ठिगळ वरून लावू नका, आतून सरकवा. फाटलेल्या कापडाचे ओठ अलगद उचला, खालच्या थराच्या वर ठिगळ सरकवा आणि ओठ परत जागेवर बसवा. फाटलेल्या भागापेक्षा ठिगळ चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर मोठं हवं. कडेच्या दशा कापू नका, त्या सपाट बसवून टाक्यात धरायच्या असतात. ठिगळासाठी जुनं धोतर किंवा मऊ पडलेली सुती साडी सगळ्यांत बरी. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडतं. कोरंच वापरायचं असेल तर दोनदा धुऊन घ्या.

मग टाचणं. नवी गोधडी कित्येक बायका कडेने सुरू करून फेऱ्या घेत आत येतात. दुरुस्तीत उलट करायचं, मधून कडेकडे. जुने थर कमी-जास्त ताणलेले असतात आणि तो झोळ कडेला नेऊनच सोडवावा लागतो. कडेने आत आलात तर मधोमध पोट येईल आणि ते काही केल्या जाणार नाही. वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घाला, मग धावदोरा. ओळ जुनीच धरा, पण सुई जुन्या भोकांत घालू नका, दोन भोकांच्या मधे घाला. भोकाभोवतीचं कापड आधीच दमलेलं असतं. सुईत दोरा हातभरच घ्या. दोरा खेचून आवळू नका, चुण्या पडायला लागल्या की समजा, हात जड झालाय.

कडेचा गोट सगळ्यांत शेवटी. घेर २४ फूट, म्हणजे सव्वासात मीटरच्या वर. कोपरे आणि जोड धरून आठ सेंटिमीटर रुंदीची आठ मीटर पट्टी लागेल.

प्रश्न : पाच बाय सातच्या गोधडीचे वरचा आणि खालचा, दोन्ही बाहेरचे थर गेलेत. आईचं एक नऊवारी कपाटात आहे. तेवढ्यात गोधडी झाकली जाईल का? (बार्शी)

उत्तर : जाईल, जेमतेम. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. त्याचे सारखे चार तुकडे केले तर प्रत्येकी दोन मीटर पाच सेंटिमीटर मिळतात. दोन तुकडे शेजारी जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. सात फुटांची गोधडी २१३ सेंटिमीटर भरते, तेव्हा लांबीत थोडं कमी पडेल. रुंदीत मात्र डाव्या-उजव्या प्रत्येक कडेला दीड-दोन वीत उरतं, त्याच पट्ट्या डोक्याला नि पायाला जोडा. पदर डोक्याकडे येऊ देऊ नका. त्या कडेला तेल, घाम आणि ओढाताण सगळ्यांत जास्त.

जुने थर काढून टाकू नका. घराघरांत गोधड्या अशाच जाड होत गेल्या, जुनीवर नवं लुगडं चढत गेलं. फक्त वजनाचा विचार करा. सुती नऊवारीने पाऊण किलोच्या आसपास भर पडते आणि आधीच जड असलेली गोधडी वयस्कर माणसाला अंगावर नकोशी होते.

प्रश्न : गोधडीला इरकली लुगड्याचे लाल काठ आहेत. धुवायची भीती वाटते. (पुणे)

उत्तर : भीती रास्त आहे. ओलं पांढरं फडकं काठावर दोन मिनिटं दाबून धरा. फडक्यावर लाल उतरला तर पाणी नाही, फक्त सावलीतला वारा. मिठाने किंवा व्हिनेगरने सुटणारा रंग पक्का होतो यावर विसंबू नका. शिवाय पुष्कळ इरकलींचे काठ आर्ट सिल्कचे, म्हणजे रेयॉनचे असतात. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. ओली गोधडी काठाला धरून उचलली की काठ हातात येतो तो यामुळेच.

रंग उतरत नसेल तर आधी टाचून घ्या, मग धुवा. मोठ्या टबात चादरीवर ठेवून बुडवा, सौम्य साबण किंवा गाळलेलं रिठ्याचं पाणी वापरा, तळव्याने दाबत वीस मिनिटं, मग तीन-चार स्वच्छ पाणी. पिळायचं नाही. चादरीसकट उचला, बाजेवर निथळू द्या. दोरीवर टाकलीत तर पाण्याच्या वजनाने मधले टाके तुटतील. वरून कोरडी वाटली तरी दुमडून आत हात घालून बघा, गार लागलं तर अजून ओली आहे. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका.

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं. आजीच्या गोधडीचे तीन तुकडे करावेत का? (नाशिक)

उत्तर : मजबूत असेल तर नको. दर वर्षी एकाकडे, अशी वर्षं वाटून घ्या. विरलेली असेल तर चांगल्या भागातून बाळाचं ७५ बाय ९० सेंटिमीटरचं दुपटं आणि दोन ४५ सेंटिमीटरची चौकोनी आसनं निघतात का, ते कागदाचे साचे ठेवून बघा. कापण्याआधी कापरेषेच्या दोन्ही अंगांना एक सेंटिमीटरवर मशीनची शिलाई घाला, नाहीतर कात्री लागताच धावदोरा सटासट उसवत जातो. मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई, टाका चार मिलिमीटरचा, दाबपट्टीचा दाब कमी. बुरशीचा वास असलेला भाग बाळासाठी घेऊ नका, धुतल्यावर गेलासा वाटला तरी.